फक्कीच्या आतलं झाड

"लांब हो गं तू. तुझ्या हाताला गुण नाही."

बाबांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि त्यात राग अजिबात नसतो. रागावले असते तर मी भोकाड पसरलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. ते नुसतं सांगत होते, बाहेर ऊन आहे, टोपी घाल म्हणावं तसं. मी फ्रॉकच्या घोळात माती घेऊन उभी होते आणि ताई उकिडवी बसून वाफ्यात बोटं घालत होती. तिच्या बोटांना गुण होता. तिनं खोचलं की रुजायचं, मी खोचलं की सुकायचं. सुकायचं म्हणजे काय, एकदा एक गुलाबाची काडी सुकली. पण आमच्या घरात एकदा ठरलं की ठरलं. पुढे ताईनं लावलेली कितीतरी रोपं मुकाट्यानं मेली, त्यांचा कुणी हिशेब ठेवला नाही. ती उन्हानं मेली, किडीनं मेली, शेजारच्या मांजरानं उकरली म्हणून मेली. माझी काडी मात्र माझ्या हातानं मेली.

हे सगळं त्या सकाळी वर आलं ते फक्कीमुळे. कामावर निघण्याआधी मागचं दार उघडलं आणि पायरीवरच थबकले. अंगणात पांढरी रेघ मारलेली होती. मैदानावर मारतात तशी, चुन्याच्या फक्कीची, कोपऱ्यांत नीट काटकोनात वळलेली. लांबट चौकोन. कपडे धुवायचा दगड चौकोनाबाहेर, पाण्याची टाकी बाहेर, बाबांच्या कुंड्या बाहेर, आणि आत, अगदी मधोमध, सीताफळ. रेघ मारताना कुणीतरी झाडाला वळसा घालायचीही तसदी घेतली नव्हती. खालच्या पानांवरसुद्धा पांढरी भुकटी उडाली होती, पावडर लावून बसवलेल्या पोरासारखं ते बावळट दिसत होतं.

"तुझ्या भाऊजींनी आखलंय काल संध्याकाळी," बाबा आतून म्हणाले. दात अजून वाटीतच होते, त्यामुळे शब्द ओले ओले येत होते. "गाडीसाठी. उन्हात तिचा रंग उडतो म्हणे. खाली फरशी, वर पत्रा. राहायला येतील तेव्हा जागा तयार हवी."

"आणि झाड?"

"झाड कसलं, वांझ आहे ते. वर्षानुवर्षं नुसता पाला. मी सांगितलंय त्यांना, या मोसमाला धरलं तर राहू दे, नाही तर काढा. उगाच कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्यानं संधी दिली नाही." मग जरा थांबून, चहात पाव बुडवावा तितक्या सवयीनं, "तुझं काही म्हणणं नाही ना?"

"माझं काय म्हणणं असणार," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

हे वाक्य मी आयुष्यभर इतकं घासलंय की ते आता तोंडातून आपोआप घरंगळतं. मोठी खोली ताईला द्यायची, तुझं काही म्हणणं? शिक्षण इथंच कर, लांब कशाला, तुझं काही म्हणणं? आई गेल्यावर बाबांजवळ कुणीतरी राहायला हवं. आता ताईच्या घराचा करार संपतोय, दोघं वरच्या मजल्यावर येतील. माझं काय म्हणणं असणार. लोकांना वाटतं मी गरीब गाय आहे. ताई तर कौतुकानं सांगते, आमच्या छोटीचं बरं आहे, तिला काही लागतच नाही. पन्नाशी उलटली तरी मी छोटी. ताईला सांगणार कोण, की मला लागत नाही असं नाही, मला मागणारांची शिसारी येते. ताई जन्मल्यापासून मागते आहे. तिचं मागणं मी जवळून पाहिलंय. आधी आवाज पातळ होतो, मग मान वाकडी होते, मग ती समोरच्याच्या बाहीवरचा नसलेला कचरा झटकते. आणि मिळालं की लगेच चेहऱ्यावर असा भाव, की हे काय, हे तर माझंच होतं. असं करून काही मिळवण्यापेक्षा रिकामी ओंजळ बरी. निदान ती माझ्या मालकीची असते. मागितलं की माणूस रांगेत उभा राहतो, आणि त्या रांगेत पुढे ताई, मागे भाऊजी. नको गं बाई.

कामावर तोंडंच तोंडं. मी दात बनवते. डॉक्टर ठसे घेऊन पाठवतात, गुलाबी लगद्यात उमटलेले, मी त्यात प्लास्टर ओतते आणि दुपारपर्यंत माझ्या टेबलावर माणसांचे जबडे ओळीनं वाळत बसलेले असतात. माणूस मला कधी दिसत नाही, त्याचा चावा दिसतो. एवढ्यावरून मला सगळं कळतं. हा झोपेत दात खातो. ही एकाच बाजूनं चावते, दुसरी बाजू कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी. हा हसताना तोंडावर हात धरत असणार. आणि सगळ्यांना हवे असतात ते पांढरे शुभ्र दात, त्यांच्या बापजन्मी कुणाला नव्हते इतके पांढरे. "मॅडम, एक छटा अजून उजळ करा, पेशंट ऐकत नाहीत," डॉक्टर फोनवर म्हणतात. करते. बारीक कुंचल्यानं पोर्सेलिनचा थर चढवते, भट्टीत घालते, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. खऱ्या दाताला कडेला एक धुरकट निळसर झाक असते, पहाटेच्या आभाळासारखी. ती मला जमते. ती कुणालाच नको असते.

बाबांची कवळीही मीच केली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात, डॉक्टरनं काय सुरेख बसवलीय बघा, आणि टकटक वाजवून दाखवतात. मी केलेल्या दातांनी ते माझ्या हाताला गुण नाही असं म्हणतात, आणि शब्द अगदी स्पष्ट येतो. कारागिरी चांगली आहे, दुसरं काय.

झाडाचं मला काही प्रेमबिम नव्हतं, हे आधीच सांगते. झाडाला मिठ्या मारणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आमच्या गल्लीत एक आहे, तिच्या घरी कामवाली टिकत नाही. सीताफळ कुणी लावलेलंही नव्हतं. दुपारी सगळं आवरल्यावर आई मागच्या पायरीवर बसून सीताफळ खायची आणि बिया सरळ अंगणात थुंकायची. फुर्र, फुर्र. आयुष्यात तिनं केलेली तेवढी एकच बेशिस्त. बी कुठे पडली, कशी रुजली, कुणी पाहिलं नाही. झाड कमरेएवढं झालं तेव्हा बाबांनी त्याला आळं केलं आणि मग ते बाबांचं झालं. "मी लावलंय," ते सांगतात. आई तेव्हाही काही बोलली नव्हती. मी तिच्यावर गेलेय असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं नाही. आई गप्प बसायची ती भिऊन, आणि मी गप्प बसते ती मला यांच्याशी बोलायचं नसतं म्हणून. हा फरक मी स्वतःला अनेकदा समजावून सांगितला आहे.

पण फक्कीची ती रेघ दिवसभर माझ्यासोबत आली. जबड्याला कड घासताना पांढरी भुकटी उडाली की तीच. संध्याकाळी परत आल्यावर मी अंगणात गेले, कपडे काढायच्या निमित्तानं. झाड फुलावर होतं. सीताफळाचं फूल कुणी फूल म्हणून पाहतच नाही. हिरवं, मांसल, तीन बोटं खाली जुळवून धरावीत तसं, पाठ फिरवून लोंबणारं. ना रंग, ना डौल. पण जवळ नाक नेलं की पिकल्या फळाचा एक मंद, ओलसर वास. फूल असतानाच ते आपलं फळ आठवत असतं. अर्धं उघडं, अर्धं मिटलेलं. मी एक फूल बोटांत धरून उलटं केलं. पाकळ्यांच्या बुडाशी इवलीशी गाठ, चिकट, चमकणारी, वाट पाहणारी. शेजारचं फूल मात्र पुरतं सैलावलेलं, स्पर्श केला तर भुरभुर परागकण सांडणारं. हे वाट पाहतं तेव्हा त्याच्याकडे द्यायला काही नसतं. ते द्यायला निघतं तेव्हा त्याची वाट पाहणं संपलेलं असतं. एकाच फुलात दोन्ही, आणि दोन्हींची गाठ नाही. मधे जायला कुणीतरी हवं. बारके काळे किडे जातात म्हणे, कुजक्या पाल्यात राहणारे, सुईच्या नेढ्याएवढे.

आणि आमच्याकडे कुजका पाला कुठून असणार. बाबा रोज सकाळी अंगण झाडतात. एक पान दिसू देत नाहीत. वर आठवड्यातून एकदा फवारणी, खांद्याला पंप लावून, तोंडाला रुमाल बांधून, एखाद्या सेनापतीसारखी. "झाडाची निगा राखावी लागते," ते म्हणतात. निगा राखून राखून त्यांनी झाडाला एकटं पाडलं होतं. एकेक किडा मारला होता, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारत होते, हे धरत का नाही. मला हसू आलं. इतकं आतून, इतकं गोड हसू मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. सांगावंसं वाटलं का? छे. सांगायचं म्हणजे आधी त्यांनी ऐकायचं, मग त्यांनी शंका काढायची, मग भाऊजींनी फोनवर शोधून बघायचं, मग ताईनं म्हणायचं, अय्या, खरंच की. आणि शेवटी त्यांनी परवानगी द्यायची. नको. झाड राहायला हवं होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. का, ते कळलं नाही. पण मी तोंड उघडणार नव्हते. तोंड न उघडता मी ते राखणार होते.

कामावरचा एक जुना कुंचला घरी आणला. पोर्सेलिनचाच, टोकाशी तीनचार केस उरलेला. बाबा सकाळी फिरायला जात, तेवढ्या वेळात मी अंगणात. दव असायचं. रात्रीतून सैलावलेली फुलं खुडून चहाच्या बशीत झटकायची, बशीत पिवळट धूळ जमायची, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी. त्यात कुंचला बुडवायचा आणि अर्धी उघडी फुलं शोधायची. पाकळी बोटानं हलकेच बाजूला करायची, तिला दुखवायचं नाही, आणि त्या चिकट गाठीभोवती कुंचला फिरवायचा. एकदा. सावकाश. मी फुलाशी बोललेही असेन. उघड गं बाई थोडी, मिट गं बाई थोडी, तुझ्या दारी आले मी, नको पाहू थोडी थोडी. कुठल्या कुठल्या लयी वर येतात माणसाच्या. आईच्या कपड्यांच्या आपटण्यातली असेल ती. मग लगेच मला माझीच लाज वाटायची. मिठ्या मारणारी ती गल्लीतली बाई आठवायची. कुंचला पुसून पर्सच्या आतल्या कप्प्यात, आणि मी चहा टाकायला.

"आज लवकर उठलीस," बाबा म्हणायचे.

"झोप येत नाही."

"वय झालं," ते म्हणायचे, समाधानानं.

फक्कीची रेघ हळूहळू पुसट झाली. भाऊजी रविवारी येऊन ती पुन्हा ठळक करून जायचे. गाडी गेटाबाहेर उभी असायची, कापडी झूल घातलेली, लग्नात बसवून ठेवलेल्या नवरीसारखी, आणि दर थोड्या वेळानं ते जाऊन झूल नीट करायचे. भाऊजी वाईट माणूस नाहीत. वाईट व्हायला जो जोर लागतो तो त्यांच्यात नाही. ते फक्त पसरतात. येतील तिथे थोडी जागा त्यांची होते. मग खुर्ची, मग वर्तमानपत्र, मग टीव्हीचा रिमोट. "छोटे, तुला अडचण नाही ना होणार? तू काय, दिवसभर कवळ्यांत," ते हसून म्हणाले, आणि मी त्यांच्या घासून सपाट झालेल्या दाढांकडे पाहिलं. झोपेत दात खाणारा माणूस. आत कुठेतरी त्यांनाही काहीतरी मिळालेलं नाही. पण त्याची दया यायला माझ्याकडे जागा नव्हती. तीही त्यांनी व्यापली असती.

फुलं गळायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, झालं, गेलं हेही वर्ष. गळालेल्या पाकळ्यांमागे हिरवे मणी होते, खडबडीत, वाटाण्याहून लहान. ते मला दिसत होते आणि त्यांना दिसत नव्हते. तो काळ माझा सगळ्यात सुखाचा. कामावर ठशांमध्ये प्लास्टर ओतताना मी मधेच थांबायची, आणि माझ्या पोटात काहीतरी हळूच बाळसं धरायचं. मग मणी बोराएवढे झाले, लिंबाएवढे झाले, पानाआडून डोकावायला लागले, आणि एका सकाळी अंगणातून बाबांची हाक आली, चष्मा आण, चष्मा आण.

ताई धावत आली. भाऊजींनी फोटो काढले, फळांचे कमी, फळांपुढे उभ्या ताईचे जास्त. "मी मागच्या महिन्यात पाणी घातलं होतं ना, आठवतंय? म्हटलं घालून बघावं," ताई म्हणाली. बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "गुण लागतो हाताला," ते म्हणाले, "आणि निगा." दोघांनी श्रेय असं वाटून घेतलं, वडी मोडावी तसं, मला एक कणही न सांडता. मला राग आला नाही. उलट गुदगुल्या झाल्या. ही माणसं किती लहान आहेत, आणि मी त्यांच्याहून किती आत बसले आहे, माझ्या बशीतल्या धुळीसकट. माझ्याकडे असं काही होतं जे कुणी मागून नेऊ शकत नव्हतं, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. झाड राहणार होतं. बाबा शब्दाला पक्के. मी जिंकले होते आणि माझा आवाजही खर्च झाला नव्हता.

फळं डोळे उघडून मऊ झाली तेव्हा रविवार होता. दुपारी जेवणानंतर टेबलावर थाळी आली. बाबांनी दात काढून पाण्यात टाकले, बिया कवळीखाली जातात म्हणून, आणि नुसत्या हिरड्यांनी गर ओढायला लागले. भाऊजी मुठीत बिया थुंकत होते. ताई चमच्यानं खात होती आणि प्रत्येक घासाला डोळे मिटत होती, कुणी बघतंय का ते पाहून. मी एक पाकळी तोंडात घेतली. रवाळ, दुधाळ, इतकं गोड की क्षणभर मला यांच्यापैकी कुणाचाही तिटकारा आला नाही. ते मला फार विचित्र वाटलं. पाय जमिनीला लागू नयेत तसं.

"छान झालं," बाबा ओठ पुसत म्हणाले. "माझी रुखरुख गेली. वांझ झाड तोडलं म्हणजे कसं, अर्धवट वाटतं. आता दिलं त्यानं फळ. त्याचं सार्थक झालं. आता काढायला हरकत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्हणजे, बाबा, तुम्ही धरलं तर ठेवू म्हणाला होतात," भाऊजी म्हणाले; त्यांनाही ते पटकन गिळवलं नव्हतं.

"ठेवू म्हणजे जन्मभर थोडंच? मोसमापुरतं. तुम्हाला गाडी कुठे लावायचीय मग? डोक्यावर?" बाबा हसले. हिरड्या दिसल्या, गुलाबी, लहान मुलाच्या. "कलम मिळतं हल्ली, कुंडीत लावू एक ताईच्या हातून."

"मग बुधवारी माणसं बोलावतो," भाऊजी म्हणाले आणि अंगठ्यानं टेबलावरची एक बी थाळीत ढकलली. "छोटीला विचारायचं का?"

"तिला काय विचारायचं," ताई म्हणाली, प्रेमानं, अगदी खऱ्या प्रेमानं. "तिचं कधी काही म्हणणं नसतं."

या वेळी मला विचारलंसुद्धा नव्हतं. घरंगळणाऱ्या त्या वाक्याची गरजच उरली नव्हती. ते माझ्यावाचून बोललं गेलं होतं. मी टेबलाकडे पाहिलं. तिघं निवांत बसली होती, हातांना गर लागलेला, आणि मला एकदम दिसलं की ही माणसं माझ्याशी कधी दुष्टपणानं वागलेली नाहीत. मी सांगितलं नाही तेवढं त्यांना कळलं नाही, बस. आई भिऊन गप्प होती आणि मी तुच्छतेनं, आणि अंगणातून पाहणाऱ्याला दोघींची तोंडं अगदी सारखी मिटलेली दिसली असती. पर्स मागच्या खुर्चीवर होती. कुंचला काढून टेबलावर ठेवला असता, सगळं सांगितलं असतं, किडे, फवारणी, सकाळची बशी, तर तिघांचा चांगला पोपट झाला असता. बाबा खोकले असते. ताई म्हणाली असती, अय्या, खरंच की. आणि बुधवारी माणसं आलीच असती. कारण त्यात मी बरोबर ठरले असते, एवढंच. बरोबर ठरणाऱ्यासाठी कुणी झाड सोडत नाही. झाड ज्याला हवं असतं त्याच्यासाठी सोडतात. आणि ते हवं असणारं कुणी या घरात आहे, हे मी कुणाला कळूच दिलं नव्हतं. मी अशी शहाणी. माझ्या जिभेवर गोडी होती आणि तिच्याखाली एक शब्द, इतका जुना, की तो उचलताना माझ्या कानशिलात कळ आली. आवाज पातळ झाला. होऊ दे म्हटलं.

"मला हवंय."

"घे की मग," ताईनं थाळी पुढे सरकवली. "मोठं घे, ते बघ, ते डाव्या बाजूचं."

"फळ नाही. झाड." तिघांनी वर पाहिलं. भाऊजींची मूठ बियांसकट तशीच राहिली. "फळं आली म्हणून नाही, नसती आली तरीही. मला ते तिथं हवंय. गाडी कुठे लावायची मला माहीत नाही, माझ्याकडे काही कारण नाही, मला नुसतं हवंय. तोडू नका, बाबा. मी मागतेय."